थांबलेल्या गाडीतला दिवा

शोकसभेत अध्यक्षांनी मगदूम डॉक्टरांना ‘मृदुभाषी’ म्हटलं.

मी मागच्या रांगेत बसलो होतो. आजूबाजूला पाहिलं. निम्म्या सभागृहाचे दात डॉक्टरांनी काढलेले होते, आणि दात काढता काढता अक्कलही काढलेली होती. पण कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोललेलं चालतं अशी आपल्याकडे समजूत आहे. मेलेला उठून उत्तर देत नाही एवढंच त्यामागचं शास्त्र. पुढे अध्यक्ष म्हणाले, “डॉक्टर म्हणजे शांत, समाधानी व्यक्तिमत्त्व. आपल्या संस्थेवर त्यांचं निस्सीम प्रेम होतं.” डॉक्टर त्या संस्थेचं नावसुद्धा घेत नसत. ‘ती काचवाली’ म्हणत, आणि त्याच्या आधी एक विशेषण लावत, ते इथे छापता येणार नाही.

मी वर्तमानपत्रात आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली. निवृत्त झाल्यावर ती खोड मोडली असं वाटलं होतं. पण हे एक वाक्य तसंच सोडवत नाही.

डॉक्टरांनी मला पहिल्यांदा झापलं तेव्हा माझं तोंड उघडं होतं. शाहूपुरीत, स्टेशनकडे जाणाऱ्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर त्यांचा दातांचा दवाखाना. काटक अंग, पांढऱ्या झुपकेदार भुवया, आणि कपाळावर पट्ट्याने बांधलेला छोटा दिवा. तो दिवा माझ्या घशात रोखून त्यांनी विचारलं, “सुपारी खाता?”

मी ‘आँ’ केलं.

“खाता. दात कशानं घासता, खराट्यानं?”

मी पुन्हा ‘आँ’ केलं.

“बोलू नका. माणसाला बोलायला लावलं की खोटं बोलतंय. दात खोटं बोलत न्हाईत.”

शिक्षण मुंबईत झालेलं, इंग्रजी चोख, पण चिडले की अस्सल कोल्हापुरी बोलत. त्यामुळे त्यांचं चोख इंग्रजी फारसं कुणाच्या कानावर आलंच नाही. मूळचे गडहिंग्लजच्या पलीकडचे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका गावातले शेतकरी जैन. घरात निम्मी कानडी. इंजेक्शनची सुई हिरडीत घालताना ते कानडीत काहीतरी पुटपुटत. लहान मुलांना वाटे मंत्र आहे. मोठ्यांना वाटे शिव्या आहेत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “दोन्ही न्हाई. सावकाश, सावकाश, असं माझ्या हाताला सांगतोय.”

माणसांशी बोलताना ते डोळ्यांत पाहत नसत, तोंडात पाहत. गावातली मोठमोठी माणसं त्यांच्या लेखी दातांवरून ओळखली जात. “तो आला होता, वरचा सुळा तिरका असलेला.” हा तिरका सुळा म्हणजे एक माजी आमदार असे. तपासण्याची पद्धतही ठरलेली. पेशंट बोट दाखवून सांगे, ही दाढ दुखते. डॉक्टर त्या दाढेकडे ढुंकून न बघता बाकीच्या सगळ्या दातांची चौकशी करून येत. दुखरी दाढ शेवटी. “सगळ्यांत आधी दुखणाऱ्याकडं गेलं की बाकीचे लपून बसत्यात,” हे त्यांचं कारण. मला वाटतं खरं कारण वेगळं होतं. दुखऱ्या जागी हात लावायला ते भीत. चिडकी माणसं भित्री असतात हे मला त्यांच्याकडे पाहून समजलं.

सूर्यास्तानंतर जेवायचं नाही, हा घरचा नियम ते न चिडता पाळत. बहुधा तेवढा एकच. त्यामुळे इतर लोक भाजी काय करायची याचा विचार करत असत तेव्हा डॉक्टरांचं जेवण उरकलेलं असे, आणि ते दवाखान्यामागच्या खोलीत गाडीपाशी बसलेले असत.

ही गाडी म्हणजे टेबलावर मांडलेले रेल्वेचे डबे. एकेक डबा हातभर लांब, पातळ प्लायचा आणि पुठ्ठ्याचा, जुन्या लाल रंगाचा. खिडक्यांना तारेचे गज. आत लाकडी पट्ट्यांचे बाक आणि बाकांवर माणसं. माणसं कवळीच्या गुलाबी मसाल्याची. कवळी करून उरलेला मसाला डॉक्टर टाकून देत नसत, त्याचा एक प्रवासी करत. पुन्हा तो प्रवासी बहुतेक कुणातरी पेशंटसारखा दिसे. मी माझी चौकशी केली.

“मी कुठल्या डब्यात आहे?”

“तुम्हाला अजून बसिवलं न्हाई. अर्ध्या दाताएवढाच मसाला उरला होता तुमचा. गार्डाच्या डब्यात कोंबड्या हायत, त्यात बघा.”

प्रत्येक डब्यात छताखाली बारीक दिव्यांची रांग होती. बाजारात मिळणारे दिवे पांढरेफेक. डॉक्टर त्यांच्यावर वॉर्निशचा हात देऊन त्यांना जुन्या बल्बचा मधाळ रंग आणत. दिवे चालत सेलवर, आणि सेल बसवलेले डब्याच्या टोकाला, संडासात. सेल दडवायला तेवढीच बंद जागा. ते बदलायचे तर डबा उचलून खालून एक चिमुकली खिटी दाबायची. संडासाच्या तळाचा दरवाजा उघडे आणि दोन सेल तळहातावर पडत. “खऱ्या गाडीत जे जिथनं पडतंय, तिथनंच,” डॉक्टर सांगत, आणि हे सांगताना तेवढे खूश दिसत. बटण कुठेच नव्हतं. छताच्या आत काचेची एक बारीक नळी होती, तिच्यावरून चुंबक फिरवला की दिवे लागत, पुन्हा फिरवला की जात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, डॉक्टर डब्यावरून नुसता हात फिरवतात आणि आत संध्याकाळ होते.

वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, चहा आणून ठेवत आणि दारातच उभ्या राहून मला सांगत, “घरभर दिवे घालवत हिंडत्यात. मी देवापुढं बसले असले तरी खोलीतला दिवा घालवून जात्यात. आणि ह्या प्लास्टिकच्या मड्यांना रातभर उजेड.”

“मडी न्हाईत ती,” डॉक्टर मान वर न करता म्हणत. “पाशिंजर हायत.”

त्या गाडीला इंजिन नव्हतं. रूळ होते, फलाट होता, सिग्नल होता, इंजिन नव्हतं. यावरून त्यांचं एका गृहस्थाशी जे भांडण झालं त्याला मी साक्षीदार होतो. हे गृहस्थ पुण्याहून आले होते. अशा खेळातल्या गाड्यांचा त्यांना छंद होता, आणि छंदापेक्षा छंदाचा अभिमान जास्त होता. सोबत मखमली पेटीत परदेशी बनावटीचे दोन डबे आणि एक इंजिन. पेटीचं झाकण त्यांनी अशा अदबीने उघडलं की आत कुणाच्या तरी अस्थी असाव्यात असं वाटलं. त्यांनी आपले रूळ जोडले, वीज सोडली, गाडी पळू लागली. डब्यांत दिवे लागले, अधूनमधून मिचमिचत होते. गृहस्थांनी वीज कमी केली. गाडी हळू झाली, दिवे मंद झाले. गाडी थांबली. दिवे गेले.

डॉक्टर वाकून पाहत होते. म्हणाले, “दिवं गेलं की.”

“हो, वीज रुळातून येते ना. वीज बंद केली की गाडी थांबते.”

“गाडी थांबली, ते दिसलं मला. दिवं का गेलं?”

“अहो, वीज बंद केल्यावर दिवे जाणारच. अर्थात.”

“अर्थात?” डॉक्टरांच्या भुवया वर चढल्या. “आत माणसं बसल्यात तुमची. सूट घातल्यात, टोप्या घातल्यात. गाडी थांबली म्हणून ती अंधारात बसायची व्हय?”

“डॉक्टरसाहेब, ते मॉडेल आहे.”

“मॉडेल हाय म्हणूनच म्हणतोय. खऱ्या गाडीत तुम्हाला मला कोण इचारतंय? हितं तर तुम्ही देव हाय. वीज तुमची, रूळ तुमचे, माणसं तुमची. देव होऊन पण माणसं अंधारात बसिवता, पावणं?”

गृहस्थांनी मखमली पेटी बंद केली. जाताना त्यांनी एकच टोला मारला. “तुमच्या गाडीला इंजिनच नाही. ही जाणार कुठे?”

“कुठं न्हाई,” डॉक्टर म्हणाले. “ही थांबलेली गाडी हाय.”

मला तो त्यांचा तिरसटपणा वाटला. आमच्या कोल्हापूरचं स्टेशनही तसंच, रूळ इथे येऊन संपतात. त्यामुळे थांबलेली गाडी आम्हाला नवी नाही. पण नुसत्या थांबलेल्या गाडीसाठी एखादा माणूस इतकी वर्षं का खपतो, हे मला पुढे एका दाढेच्या रूट कॅनालच्या वेळी कळलं. तेव्हा माझ्या तोंडात कापसाचे बोळे होते आणि लाळ ओढणारी नळी होती. डॉक्टरांना जे बोलायचं असे पण ज्याला उत्तर नको असे, ते त्यांनी अशाच वेळी बोलावं.

“अक्काला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं होतं,” ते दाढेत सुई फिरवत म्हणाले. “थोरली बहीण माझी. मी कॉलेजात. गडहिंग्लजहून एसटीनं हितं, हितनं रेल्वे. खिडकीला बसिवली तिला. मधल्या एका स्टेशनात गाडी थांबली. क्रॉसिंग. दिवेलागणीची वेळ. त्या वक्ताला चालत्या गाडीत चाकावरचा डायनामो दिवे लावायचा आणि थांबली की डब्याखालची बॅटरी. बॅटरी दमलेली. दिवे लाल झाले, मग निखाऱ्यागत झाले, मग गेले. मोठा आऽ करा. अक्का बोलत होती. म्हशीचं, अव्वाचं म्हंजे आईचं, माझ्या शिक्षणाचं. असं कर, तसं करू नको. कानडीत. मला तोंड दिसत न्हवतं तिचं. आणि शेजारच्या रुळावर कुणा बड्या माणसाचा खास डबा उभा. दाराच्या फटीतनं दिसलं, आत कोण न्हाई. रिकामा. पण सगळे दिवे चालू, पंखे चालू, पडद्याला झालरी. त्याच्या काचा आमच्याकडच्या बाजूनं झाकलेल्या. थुंका.”

मी थुंकलो.

“गाडी निघाली, दिवे आले, तवा ती गप झाली होती. पुढं मिरजेत होती थोडं दिवस, पण बोलली न्हाई. म्हंजे जे काय शेवटचं बोलली ते अंधारात. आवाज आठवतोय मला. तोंड आठवत न्हाई त्या वेळचं. दात कसे होते ते पण आठवत न्हाईत. दातांचा डॉक्टर मी.” मग नेहमीच्या आवाजात, “ह्या बाजूनं आज काही चावू नका.”

त्यानंतर मी गाडीपाशी गेलो तेव्हा तिसरा डबा नीट पाहिला. खिडकीशी हिरव्या लुगड्यातली एक बाई बसली होती. गाडीतल्या प्रत्येक प्रवाशाला नाक होतं, डोळे होते, काहींना तर तपकिरी दातही होते. तिला चेहरा नव्हता. कोरून पुसलेला असावा, पुष्कळदा. पण दिवा बरोबर तिच्यावर होता.

आता संस्थेकडे येतो. येणं भाग आहे.

डॉक्टरांचे गुडघे गेले, जिने चढवेनात, दवाखाना बंद करायची वेळ आली. मुलगा परदेशात. गाडीचं काय करायचं? त्याच सुमारास एका शिक्षणसंस्थेने वारसा दालन काढायचं ठरवलं. वारसा म्हणजे काय हे ठरायच्या आधी दालनाचं बांधकाम पूर्ण झालं होतं, त्यामुळे आत ठेवायला काहीतरी हवं होतं. अध्यक्ष स्वतः आले. गाडी पाहिली. “अद्भुत,” म्हणाले. त्यांना सगळंच अद्भुत वाटे, भाषणाची सवय.

डॉक्टरांनी एकच अट घातली. “सेल बदलत ऱ्हायचे. लागत असोत नसोत, वेळच्या वेळी काढायचे, नवे घालायचे. जुना सेल आत ऱ्हायला की फुटतो. त्यातनं जे पाणी येतंय ते डबा खातंय, तारा खातंय, सगळं खातंय.”

“आम्ही त्यासाठी माणूसच नेमू,” अध्यक्ष म्हणाले.

पाटीचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन ओळी लिहून दिल्या: गाडीचं वर्णन आणि ती करणाऱ्याचं नाव. पाटी तयार होऊन आली ती संगमरवरी. वर अध्यक्षांचं नाव, त्याखाली उपाध्यक्षांचं, कार्याध्यक्षांचं, मार्गदर्शकांचं, प्रेरणास्थानांचं. सर्वांत खाली, बारीक अक्षरात: ‘निर्मिती साहाय्य: डॉ. मगदूम’. मी संतापलो. डॉक्टर मात्र संतापले नाहीत. “नाव ऱ्हाऊ दे. सेल बदलतील न्हवं?”

उद्घाटनाला सगळे पदाधिकारी रेशमी जाकिटं घालून आले. प्रत्येकाच्या छातीवर सोनेरी बिल्ला, त्यावर नाव आणि पद. रेशमाला टाचणीने भोक पडू नये म्हणून बिल्ल्यांना मागून चुंबक होता. हे मला नंतर कळलं. डॉक्टरांना बहुधा तेव्हाच दिसलं असावं, कारण मी त्यांना पुढे सरकताना पाहिलं.

गाडी लांबलचक टेबलावर मांडलेली, सगळे डबे उजळलेले, काच अजून चढवायची होती. फोटोग्राफर म्हणाला, “साहेब, जरा वाकून बघा.” अध्यक्ष पहिल्या डब्यावर वाकले. दिवे गेले. अध्यक्षांना कळलं नाही. ते कॅमेऱ्याकडे बघत होते. “अजून एक, साहेब.” ते दुसऱ्या डब्यावर वाकले. तिथेही अंधार. मग ते एकेका डब्यावर प्रेमाने वाकत टेबलाच्या कडेने पुढे निघाले, आणि ते जिथे वाकत तिथे अंधार होत गेला. एखाद्या माणसाच्या सार्वजनिक कारकिर्दीचं इतकं नेमकं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

तिसऱ्या डब्याशी डॉक्टर आडवे आले. “छाती मागं घ्या!”

“काय?”

“छाती मागं घ्या की, साहेब! तुमच्या नावानं दिवं जात्यात!”

अध्यक्षांचा चेहरा तांबूस झाला. “माझ्या नावाने दिवे जातात?”

“व्हय. त्या बिल्ल्याला चुंबक हाय. काढा तो.”

बिल्ला काढायचा म्हणजे पद काढायचं. तो काही त्यांनी काढला नाही. प्रसंग सावरायला म्हणून उपाध्यक्षांनी हसत विचारलं, “पण डॉक्टर, मुळात ही वीज येते कुठून?”

“संडासातनं,” डॉक्टर म्हणाले.

मागच्या रांगांतून हशा उसळला तो बराच वेळ थांबेना. डॉक्टरांनी विनोद केला नव्हता, माहिती दिली होती. पण अध्यक्षांनी तो दिवस लक्षात ठेवला. डॉक्टरांनी चुंबक फिरवून सगळे दिवे पुन्हा लावले आणि चहाला बाहेर गेले. ते परत येईपर्यंत गाडीवर काच चढली होती आणि सांधे डिंकासारख्या पांढऱ्या रसायनाने बंद झाले होते. “कुणीही हात लावू नये म्हणून,” अध्यक्ष म्हणाले. “करणाऱ्यानेही नाही.” आत सगळ्या डब्यांतले दिवे जळत होते, आणि ते विझवण्याचाही मार्ग उरला नव्हता. काच उंच होती, चुंबक पोचत नव्हता.

दिवे काही दिवस चालले. मग लाल झाले, मग निखाऱ्यासारखे, मग गेले. डॉक्टर रोज जाऊन दालनाच्या खिडकीतून पाहत. तो क्रम त्यांनी आयुष्यात एकदा पाहिला होता.

त्यानंतर त्यांचा खरा राग मी पाहिला. आधीचा सगळा किरकोळ होता. गुडघ्यांना पट्टे आवळून ते अध्यक्षांच्या कचेरीचे जिने चढत. मी बरोबर असे.

“एकदा काच उचला. मी सेल काढून घेतो आणि जातो. दिवं लावू नका, माझं नाव पुसा, पण सेल काढा.”

“डॉक्टर, काच खास बनवून घेतलेली आहे. आणि काढायची म्हणजे पुन्हा बसवताना कार्यक्रम करावा लागेल.”

“माणूस नेमणार होता तुम्ही.”

“विषय पुढच्या सभेत घेऊ.”

“सेल सभेची वाट बघत न्हाई! आत फुटला की संपलं!”

“लोक गाडी बघायला येतात, दिवे नाही,” अध्यक्ष म्हणाले. आणि दिव्यांची हौस असेल तर, म्हणून, त्यांनी काचेभोवती निळ्या-गुलाबी दिव्यांची लुकलुकणारी माळ सोडली. ती भिंतीतल्या विजेवर चाले.

जिना उतरताना डॉक्टर कठड्याला धरून थांबले. “दाढेत कीड ठेवून वर सोन्याचं टोपण बसिवलंय,” म्हणाले. “आणि टोपणावर स्वतःचं नाव कोरलंय.”

पावसाळा संपता संपता पहिल्या डब्याच्या संडासाच्या खिडकीत पांढरी बुरशी दिसली. मिठासारखी. डॉक्टरांनी खिडकीबाहेरून ती पाहिली आणि काही बोलले नाहीत. हे फार वाईट लक्षण होतं.

दालन एरवी कुलूपबंद असे, किल्ली अध्यक्षांकडे. उघडे ते समारंभालाच. म्हणून संस्थेच्या वर्धापनदिनाला डॉक्टर निमंत्रण नसताना आले, हातात दवाखान्याची जुनी बॅग घेऊन. काचेखालच्या टेबलाला चारी बाजूंनी मखमली झालर होती. लोक जमायच्या आधी ते झालर उचलून आत शिरले. पंचाहत्तरी ओलांडलेला, गुडघे गेलेला माणूस, पाठीवर आडवा, कपाळावर तोच दिवा.

“तुम्ही हितं खुर्ची टाकून बसा,” आतून आवाज आला. “आणि पाय पसरू नका.”

“आत करणार काय?”

“रूळ मी टाकल्यात. कुठला डबा कुठं उभा हाय ते मला ठावं हाय. वरनं जाऊ देत न्हाईत, तर खालनं जाऊ.”

डब्यांचे सेल खालूनच निघत, हे मी विसरलो होतो. अध्यक्षांना ते कधी माहीतच नव्हतं. त्यांनी वरून काच बंद केली होती आणि खाली साधी प्लायची फळी ठेवली होती.

भाषणं सुरू झाली. डॉक्टरांकडे सेलवर चालणारं छोटं ड्रिल होतं, त्याला गोल करवत लावलेली. अध्यक्ष आवाज चढवत तेव्हा ते चाले. अध्यक्ष श्वास घेत तेव्हा थांबे. ‘शैक्षणिक क्षेत्रातील उत्तुंग भरारी’ला पहिलं भोक पडलं. ‘समाजाप्रती असलेली बांधिलकी’ला दुसरं. अध्यक्षांच्या भाषणाचा इतका चांगला उपयोग तोवर कुणी केला नव्हता. एकदा ते मध्येच थांबले आणि ड्रिल थांबलं नाही, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. सभागृहानेही वाजवल्या, सवय असते.

झालरीखालून अधूनमधून एक हात बाहेर येई आणि माझ्या रुमालात फुटलेले सेल ठेवी. पांढरे, हिरवट, चिकट. मग आतून व्हिनेगरचा वास येई. ते बोळ्याने डबा धूत होते, दाढ धुवावी तसे. पहिल्या डब्याचा तळ खाल्ला गेला होता. त्यानंतर उघडलेल्या प्रत्येकाच्या तारा गेल्या होत्या. आतून एक शिवी ऐकू आली, मग दुसरी. तिसरा डबा त्यांनी शेवटी ठेवला. मला त्यात नवल वाटलं नाही. मग कानडीत पुटपुटणं. सावकाश, सावकाश.

भोकं अजून आहेत. पाडायला डॉक्टर लागले; सेल बदलायला कुणीही चालतं. शोकसभा त्याच दालनात होती; त्या दिवशी माझ्या खिशात दोन नवे सेल होते, आणि ‘मृदुभाषी’ हा शब्द मी ऐकला त्यानंतर थोड्याच वेळात मी झालरीखाली होतो. पण हे माझ्याबद्दल नाही.

वर्धापनदिनानंतर मी मलकापूरला लेकीकडे गेलो आणि परत आलो तोवर डॉक्टर नव्हते. तेव्हा त्यांचं शेवटचं दर्शन ते त्याच दिवसाचं.

भाषण संपलं. अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन दालनाच्या त्या टोकाला आले आणि थबकले. निळ्या-गुलाबी लुकलुकाटाच्या आत, सगळ्या काळोख्या डब्यांमध्ये, तिसरा डबा मधाच्या रंगाने उजळला होता. चुंबक लागलाच नाही; उद्घाटनाला लावलेले दिवे कुणी घालवलेच नव्हते, नवे सेल पुरले. अध्यक्षांना क्षणभरच प्रश्न पडला असावा. “पाहा,” ते पाहुण्यांना म्हणाले, “देखभाल आम्ही अशी ठेवतो.” पाहुणे पुढे झाले. अध्यक्ष वाकू लागले.

झालर हलली. आधी हात आला, मग लाकडाच्या भुश्श्याने पांढरं झालेलं डोकं. माझ्या खांद्याचा आधार घेऊन डॉक्टर उभे राहिले. कपाळावरचा दिवा सरळ अध्यक्षांच्या तोंडावर.

“मागं व्हा, पावणं.”

“डॉक्टर? तुम्ही… तिथे खाली…”

“बिल्ला काढा आधी. मग बघा.”

काच उंच होती. तिच्यातून चुंबक डब्यापर्यंत पोचत नव्हता. हे डॉक्टरांना माहीत होतं, मला माहीत होतं. अध्यक्षांना माहीत नव्हतं. त्यांनी उजळलेल्या डब्याकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, आणि मागच्या रांगांतला तो जुना हशा त्यांना आठवला असावा. त्यांचा हात छातीकडे गेला. बिल्ला निघाला, खिशात गेला.

“समद्यांनी,” डॉक्टर म्हणाले.

उपाध्यक्षांनी काढला. कार्याध्यक्षांनी काढला. मार्गदर्शकांनी, प्रेरणास्थानांनी काढला. सगळे आपापली रिकामी छाती घेऊन काचेपासून हातभर मागे उभे राहिले. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाठ केली, टेबलाच्या कडेला धरून कसेबसे गुडघ्यांवर टेकले, कपाळावरचा दिवा बंद केला आणि तिसऱ्या डब्याच्या खिडकीत पाहू लागले.